परग्रहवासीयांत वाढलेलं माणसाचं पोर आणि त्याची मनोशक्ती: कथेचा पाया कसा भरावा?

कृष्णविवर

दीर्घकथेचा आराखडा असा: माणसांचं एक यान परक्या ग्रहावर कोसळतं, तीन-चार महिन्यांचं एक मूल तेवढं वाचतं आणि तिथले रहिवासी ते वाढवतात. कथा सुरू होते तेव्हा मुलगी पंधरा वर्षांची आहे. तिला इतरांच्या मनातलं कळतं आणि हात न लावता वस्तू हलवता येतात. दुसरा माणूस तिने कधी पाहिलेला नाही.

या साच्याच्या कथा बहुधा एकाच ठिकाणी ढेपाळतात. मुलगी परग्रहावर वाढली असं लेखक सांगतो, पण ती वागते-बोलते वसतिगृहातून पळून आल्यासारखी. आणि शक्ती तिला हवी तेव्हा, हवी तेवढी मिळते. म्हणून हा धागा. तान्हं मूल तिथे जगलं कसं, भाषा कुठली शिकलं, शक्तीला लगाम कशाचा आणि वयात येताना काय बिघडतं, यावर लिहा. अशक्य गोष्ट एकच घ्यायची, बाकी सगळं जमेल तितकं खरं ठेवायचं, ही अट. 'विज्ञानकथेत सगळं चालतं' हा प्रतिसाद कृपया नको.

पेशीपुराण

हवेपासून सुरुवात करू. 'हवेत २१ टक्के ऑक्सिजन होता' एवढ्याने काही कळत नाही, आंशिक दाब (एकूण दाबातला त्या वायूचा वाटा) लिहा. समुद्रसपाटीला ऑक्सिजनचा आंशिक दाब साधारण २१ किलोपास्कल असतो. तो सोळाच्या खाली गेला की विचार मंदावतात, हातापायांचा मेळ बिघडतो. हा आकडा सांभाळला तर एकूण दाब पृथ्वीच्या निम्मा असूनही भागतं. खरा दगा देतो कार्बन डायऑक्साइड. पृथ्वीएवढ्या दाबाला तो ३-४ टक्के झाला की डोकं दुखतं, धाप लागते. १० टक्क्यांच्या आसपास शुद्ध हरपते. परग्रहवासी ऑक्सिजन अचूक भरतील आणि बाळाने सोडलेला वायू बंद कोठडीत साठतोय हे त्यांच्या लक्षात येणार नाही. पहिलं संकट म्हणून हे लिहा, उल्का वगैरे नको.

अन्नात सगळ्यात मोठा अडसर रेणूंच्या हाताचा, म्हणजे आरशातल्या प्रतिमेसारख्या डाव्या-उजव्या ठेवणीचा. आपली प्रथिनं डाव्या हाताच्या अमिनो आम्लांची, आपल्या शर्करा उजव्या हाताच्या. तिथली जीवसृष्टी उलट्या हाताची असेल तर मूल पोटभर खाऊन उपाशी मरेल, कारण आपली विकरं (एन्झाइम) त्या रेणूंवर बसतच नाहीत. हात जुळला तरी नऊ आवश्यक अमिनो आम्लं, दोन आवश्यक मेदाम्लं आणि जीवनसत्त्वं बाहेरून द्यावी लागतात. 'क' जीवनसत्त्व आपलं शरीर बनवू शकत नाही, ते जनुक आपल्यात मोडलेलं आहे. दिवसाला १० मिलिग्रॅम मिळालं तरी स्कर्व्ही टळतो. अजिबात नाही मिळालं तर एक ते तीन महिन्यांत हिरड्यांतून रक्त. 'ड' साठी २९० ते ३१५ नॅनोमीटरचे अतिनील किरण लागतात, आणि शांत लाल बटू ताऱ्याकडून ते फारच थोडे येतात. तारा लाल निवडलात तर मुडदूस आलाच, किंवा 'ड' अन्नातून.

पहिलं वर्ष दुधाचं. मानवी दुधात १०० मिलिलिटरमागे प्रथिन फक्त १ ग्रॅमच्या आसपास, लॅक्टोज ७, मेद ४. दुसऱ्या प्राण्याचं घट्ट, खारट, प्रथिनांनी भरलेलं दूध दिलं तर कोवळ्या मूत्रपिंडांवर ताण पडतो. जन्मतः अंगात असलेलं लोह सहा महिने पुरतं. मूल पाच महिने गुटगुटीत राहून नवव्या महिन्यात पांढरंफटक पडेल, आणि सांभाळणाऱ्यांना कारण सापडणार नाही, कारण अन्न तर तेच आहे.

शंकासुर

एवढं कशाला? यानात दुधाच्या पावडरचे डबे होते असं लिहा आणि मोकळे व्हा.

पेशीपुराण

हिशोब करून बघा. सहा महिन्यांचं बाळ दिवसाला साधारण ८०० मिलिलिटर दूध पितं. १०० मिलिलिटरला १३ ग्रॅम पावडर धरली तर दिवसाला शंभर ग्रॅमच्या वर, म्हणजे वर्षाला जवळपास ३८ किलो. कोसळलेल्या यानात एवढे डबे शाबूत राहतील का? पण डब्याचा खरा उपयोग नमुना म्हणून. रसायनशास्त्र येणाऱ्या जमातीला एक डबाही पुरतो. त्यात काय आहे हे मोजून ते नक्कल करतील. मोजायला जमणार नाहीत त्या गोष्टी म्हणजे मुलाच्या आतड्यातले जिवाणू आणि स्पर्श.

जिवाणू मुलाच्या अंगावर पृथ्वीवरूनच आलेले असतात. तिथल्या कुणी निर्जंतुकीकरणाच्या उत्साहात ते मारले तर पचन कोलमडेल आणि 'के' जीवनसत्त्वाचा एक स्रोतही जाईल. स्पर्शाबद्दल मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लोचे माकडांवरचे प्रयोग बघा: १९५८ साली त्याने दाखवलं की पिल्लं दूध देणाऱ्या तारेच्या आईपेक्षा दूध न देणाऱ्या मऊ कापडाच्या आईला बिलगतात. रुमानियातल्या अनाथालयांतल्या मुलांच्या पाहणीत दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेली मुलं माया लावण्यात बरीच सावरली, उशिरा गेलेली कमी. तेव्हा सांभाळणारा परग्रहवासी कवचधारी, थंड, टोकदार असेल तर त्याला काहीतरी मऊ आणि ३७ अंशांच्या जवळपास गरम पांघरावं लागेल. कथेतली 'आई' म्हणजे ते पांघरूण. तिच्या आठवणीत चेहरा नसेल, पोत असेल.

दिवसाच्या लांबीकडेही बघा. आपलं आतलं घड्याळ सरासरी २४ तास आणि वर दहा-बारा मिनिटांचं असतं. मंगळाचा २४ तास ३९ मिनिटांचा दिवस त्याला जेमतेम झेपतो. २८ तासांच्या दिवसाशी ते जुळत नाही, झोप आणि शरीराचं तापमान आपापल्या वाटेने जातात. ३० तासांचा दिवस निवडलात तर मुलगी कायम अर्धवट झोपेत असेल.

ध्वनिमुद्रा

भाषेवर लिहितो. या कथेचा कणा इथेच आहे असं माझं मत.

१९८४ साली वर्कर आणि टीस यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या 'ट' आणि 'त' मधला फरक ऐकू येतो. दहा ते बारा महिन्यांपर्यंत तो ऐकू येईनासा होतो, कारण भोवताली कुणी तो वापरत नाही. चेहऱ्यांचंही तसंच: २००२ साली पास्कालीस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सहा महिन्यांची बाळं दोन माकडांचे चेहरे वेगळे ओळखतात, नऊ महिन्यांची नाही ओळखत. म्हणजे मेंदू पसारा घेऊन येतो आणि पहिल्या वर्षातच नको ते टाकून द्यायला लागतो.

आता हे तुमच्या मुलीला लावा. तिला दोन परग्रहवासी लांबून वेगळे ओळखू येतील. पंधराव्या वर्षी पहिल्यांदा माणसं समोर आली तर ती सगळी तिला सारखीच दिसतील. 'आपल्यासारखा चेहरा पाहून डोळे भरून आले' हा प्रसंग कृपा करून काढा. आरशात ती स्वतःला रोज बघत असेल, पण एका चेहऱ्यावरून माणसामाणसांतला फरक ओळखायला शिकता येत नाही.

बोलण्यात अडचण उलट्या बाजूची. आपला कान २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो. त्यांची भाषा त्यापलीकडे असेल तर अर्धी तिच्यापर्यंत पोचणारच नाही. पोचलेली समजेल, पण तिच्या गळ्यातून ती निघेलच असं नाही. ती समजणारी पण बोलू न शकणारी होईल आणि हातांकडे वळेल. निकाराग्वात १९७० च्या दशकाच्या शेवटी शाळेत एकत्र आलेल्या कर्णबधिर मुलांनी स्वतःची खुणांची भाषा घडवली. मात्र तिथे मुलं अनेक होती. एकट्या मुलाची खुणांची यादी होते, व्याकरण फारसं वाढत नाही. म्हणून सांभाळणाऱ्यांपैकी कुणीतरी लहान हवं, तिच्या खुणा उचलणारं आणि वाढवणारं.

मिश्र संगोपनाचा परिणाम दोन्हीकडे होतो हेही विसरू नका. १९३१ मध्ये केलॉग दांपत्याने ग्वा नावाची चिंपांझी आपल्या मुलाबरोबर नऊ महिने वाढवली. ग्वा बोलायला शिकली नाही. मुलगा मात्र तिचे आवाज काढायला लागला.

आणि भाषाच मिळाली नाही तर काय होतं ते 'जीनी' या टोपणनावाने नोंदल्या गेलेल्या मुलीत दिसलं. १९७० मध्ये ती तेराव्या वर्षी सापडली. पुढे शब्द पुष्कळ शिकली, वाक्यरचना कधीच धड आली नाही. पंधराव्या वर्षी पहिल्यांदा मानवी भाषा ऐकणाऱ्या नायिकेने तीन प्रकरणांत अस्खलित बोलणं त्यामुळे बसत नाही. तिच्याकडे दुसरी कुठली तरी पक्की पहिली भाषा असेल तर ती शिकेल, पण उच्चार कायम परका राहील.

माझी सूचना अशी: शक्तीही याच दाराने आणा. ती जन्मजात वरदान नको. प्रत्येक मानवी बाळात पहिल्या वर्षात असलेली आणि कुणी न वापरल्यामुळे गळून जाणारी क्षमता समजा. या मुलीभोवती ती वापरणारे होते, म्हणून टिकली.

अर्धविराम

ध्वनिमुद्रांशी सहमत. यातून कथेला दोन गोष्टी फुकट मिळतात. एक, मुलगी 'निवडलेली' राहत नाही. तिच्या जागी कुणाचंही बाळ असतं तरी हेच झालं असतं. दुसरं, उशिरा आलेल्या माणसाला ती शिकवू शकत नाही. यानातून पाच वर्षांचा भाऊही वाचला असता तर त्याला शक्ती नसती. तो भाऊ खरंच घ्या. शक्ती नसलेला पण मानवी भाषा अर्धीमुर्धी आठवणारा, आणि शक्ती असलेली पण भाषा नसलेली, अशी जोडी एका नायिकेपेक्षा दसपट कामाची.

शंकासुर

अशक्य गोष्ट एकच, ही अट धागाकर्तीनेच मोडली आहे. मन वाचणं आणि वस्तू हलवणं या दोन झाल्या.

जूल

शंकासुर, बरोबर पकडलंत. पण मन वाचणं अशक्याच्या यादीतून बाहेर काढता येतं.

आधी काय चालणार नाही ते. मेंदूचं चुंबकीय क्षेत्र डोक्याजवळ काही शे फेम्टोटेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक). पृथ्वीचं सुमारे ५० मायक्रोटेस्ला. शंभर फेम्टोटेस्ला धरलं तर प्रमाण ५० कोटींना एक. ते मोजायला आजही कवचबंद खोली लागते. 'मेंदूच्या लहरी पकडल्या' असं लिहिलंत की जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटेल. (अवांतर: मेंदूचे विद्युत आलेख काढणाऱ्या हान्स बर्गरला त्या कामाकडे मनोसंवादाच्या शोधानेच नेलं होतं. माणसाचा पहिला आलेख १९२४ चा, प्रसिद्धी १९२९ ची. आलेख मिळाला, मनोसंवाद नाही.)

आता चालेल ते. परग्रहवासी पाण्यात किंवा उथळ दलदलीत राहणारे आणि विद्युत क्षेत्राने बोलणारे घ्या. पृथ्वीवर असे मासे आहेत. शार्क सेंटीमीटरमागे ५ नॅनोव्होल्टइतकं क्षीण क्षेत्र ओळखतो. काही विद्युतमासे सतत एका वारंवारतेने क्षेत्र सोडतात आणि शेजाऱ्याची वारंवारता जवळ आली की दोघंही आपापली सरकवतात, नाहीतर दोघांनाही काही कळेनासं होतं.

माणसाला हे इंद्रिय नाही, पण उसनं देता येतं. १९६९ मध्ये बाक-इ-रीता यांनी अंध व्यक्तींना पाठीवर ४०० कंपकांची जाळी असलेल्या खुर्चीत बसवून कॅमेऱ्याचं चित्र 'दाखवलं'. सरावाने ती वस्तू ओळखायला लागली. पुढे हेच जिभेवर विद्युतस्पर्शाने केलं गेलं. परग्रहवासीयांनी बाळाच्या पाठीला अशी जाळी लावली आणि ती आजूबाजूच्या क्षेत्रांनुसार थरथरत राहिली, तर वर्षभरात मेंदू तिला इंद्रिय मानेल. ध्वनिमुद्रांचं पहिल्या वर्षाचं गणित इथे चपखल बसतं. काय बिघडेल? अंग वाढेल, जाळी वाढणार नाही. दर काही महिन्यांनी बिंदू सरकतील आणि ओळखीचे 'आवाज' अनोळखी होतील. कोरड्या जमिनीवर तिला काही ऐकू येणार नाही. आणि माणसांची मनं तिला कधीच वाचता येणार नाहीत, कारण माणसं बोलल्यासारखं क्षेत्र सोडतच नाहीत.

उलट बाजू जास्त मजेची. परग्रहवासी तिचं काय वाचतील? डोक्याच्या कातडीवर मेंदूचा विद्युतदाब १० ते १०० मायक्रोव्होल्ट; हृदयाचा छातीवर १ मिलिव्होल्टच्या आसपास, स्नायूंचाही ठळक. म्हणजे त्यांना तिचं काळीज आणि ताठलेले स्नायू 'ऐकू' येतात, विचार नाही. ती घाबरली हे तिच्याआधी त्यांना कळतं. का घाबरली हे कधीच नाही.

आता वस्तू हलवणं. हे तुमचं एकमेव असत्य, म्हणून त्याचा हिशोब चोख हवा. मेंदू चालतो सुमारे २० वॉटवर, अख्खं शरीर आरामात असताना १०० वॉटच्या आसपास. एक किलो वस्तू एका सेकंदात एक मीटर उचलायला जवळपास १० वॉट, म्हणजे मेंदूच्या खर्चाच्या निम्मे. लिटरभर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला ३१४ किलोज्यूल. २० वॉटने ते जवळपास साडेचार तासांत होईल, तेही विचार करणं पूर्ण बंद ठेवून. मनाने पाणी उकळवणाऱ्या नायकांनी हे एकदा करून बघावं.

उष्णतेचा प्रश्न ऊर्जेपेक्षा वाईट. १०० वॉटचं काम स्नायूंसारख्या २५ टक्के कार्यक्षमतेने मेंदूत होत असेल तर ३०० वॉट उष्णता डोक्यात अडकते. मेंदूला रक्त मिळतं मिनिटाला सुमारे ७५० मिलिलिटर, आणि ते दर अंशामागे फार तर ४७ वॉट बाहेर नेतं. म्हणजे तापमान सहा-साडेसहा अंश चढून स्थिरावणार: ४३ च्या वर. तिथे माणूस मरतो. रक्त थांबलेलं धरलं तर पहिला अंश चढायला सतरा सेकंद. रक्त वाहत असताना थोडे जास्त. तेव्हा मर्यादा आयती मिळाली: २० सेकंद जोर, मग थांबा. सलग मिनिटभर ताणलं तर आधी बरळणं, मग झटके. 'नाकातून रक्त आलं' यापेक्षा हे बरं, ते फार वापरून झालंय.

प्रतिक्रियाबल कुठे जातं तेही ठरवा. पन्नास किलोची मुलगी ऐंशी किलोचा दगड उचलते, तेव्हा ते ऐंशी किलो तिच्याच मणक्यावर येतात का? येत असतील तर ओल्या फरशीवर उभं राहून काही ढकललं की तीच मागे घसरेल. वाचकाला हे एका वाक्यात पटतं.

शंकासुर

ऊर्जा शरीरातून घ्यायचीच कशाला? भोवतालच्या हवेतून घेऊ द्या.

जूल

चालेल, पण मग ऊष्मागतिकीचा दुसरा नियम मोडला; तेच तुमचं एक असत्य. बदल्यात भरपूर मिळतं. एक घनमीटर हवा सुमारे १.२ किलो. ती १० अंश थंड केली की १२ किलोज्यूल हाती येतात, म्हणजे ६० किलोचा माणूस २० मीटर वर! शक्ती एकदम बेसुमार होते, म्हणून मी डोक्यातल्या उष्णतेचा पर्याय निवडेन.

आणखी एक: जोर मोठा नको, नेम बारीक ठेवा. आतल्या कानातल्या पेशींचे केस नॅनोमीटरभर हलले तरी मेंदूला संदेश जातो. समोरच्याचा तोल घालवायला जी ऊर्जा लागते ती नगण्य. दगड भिरकावणारी मुलगी चित्रपटाला ठीक. हात न लावता भोवळ आणणारी खरी धोकादायक. मात्र नेम धरायला परतीची जाणीव हवी. आपण पेला उचलतो तेव्हा बोटं दाब कळवत राहतात. दूरवरच्या वस्तूचा दाब तिला कोण कळवणार? ती जाणीव नसेल तर नाजूक वस्तू चुरडतील. आणि माणसाची प्रतिक्रिया ०.२ सेकंदांची, तेवढ्यात पडणारी वस्तू जवळजवळ २० सेंटीमीटर खाली जाते. टेबलावरून पडलेलं भांडं ती पकडेल, जमिनीपासून वीतभर उंचीवरून निसटलेलं कदाचित नाही.

पेशीपुराण

वयात येण्यावर. 'तेराव्या वर्षी शक्ती जागी झाली' हा प्रकार उलटा आहे. किशोरवयात मेंदू नवं उगवण्यापेक्षा छाटणी जास्त करतो. न वापरलेले जोड काढून टाकतो. मेंदूचा ऊर्जाखर्चही पाचव्या वर्षाच्या आसपास शिखरावर असतो, त्या वयात विश्रांतीच्या खर्चातला निम्म्याहून जास्त वाटा एकटा मेंदू घेतो. तेव्हा शक्ती सर्वात बेफाम पाचव्या वर्षी असावी, आणि किशोरवयात ती अरुंद पण अचूक होत जावी. पंधराव्या वर्षी मुलीला 'मी हरवत चालले' असं वाटणं शास्त्राला धरून आहे. आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पिकत राहतो, म्हणजे बारीक नेम आणि कच्चा आवर एकाच वेळी.

सांभाळणाऱ्यांच्या नजरेतून हा काळ भयानक. त्यांच्याकडे माणसाचा नमुना एकच. सहाव्या वर्षी दात पडायला लागतात. वीस दात पडून जाईपर्यंत बारावं वर्ष उजाडतं. प्राण्याचे अवयव गळत आहेत असं त्यांना वाटणार नाही तर काय! त्यांनी पहिला दात परत चिकटवायचा प्रयत्न केलेला दाखवा. मग मुलींची उंची बाराव्या वर्षाच्या आसपास वर्षाला आठेक सेंटीमीटर वाढते. दहाव्या वर्षापर्यंत बरोबर ठरलेला शिधा आता कमी पडतो, पाळी सुरू झाल्यावर लोहाची गरज वाढते. 'ती दर महिन्याला रक्त गमावते आणि मरत नाही' अशी नोंद त्यांच्याकडे होईल. उपचार म्हणून तिला कोंडून ठेवणं हे त्यांच्या बाजूने अगदी समंजस पाऊल ठरेल, आणि संघर्षाला खलनायक लागणार नाही.

झोपेचं घड्याळही या वयात उशिरा सरकतं. जाळीवरचं बोलणं पहाटे सुरू होत असेल तर ती नेमकी तेव्हा बधिर.

शंकासुर

एक तरी उपयोगाचं लिहितो. परग्रहवासी तिची शक्ती मोजणार कशी? ड्यूक विद्यापीठात परामानसशास्त्रज्ञ जे. बी. राइनच्या प्रयोगशाळेत १९३० च्या दशकात वापरलेले पत्ते आठवा: पाच चिन्हं, प्रत्येकी पाच, एकूण २५. निव्वळ नशिबाने सरासरी पाच बरोबर येतात, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पडतात त्याचं माप) दोन. एका फेरीत नऊ बरोबर आले तर भुवया उंचावतात, पण शंभर फेऱ्या केल्या तर अशा काही फेऱ्या आपोआप येणारच. लेखक एका फेरीत २५ पैकी २५ देतात आणि कंटाळा आणतात. दर फेरीला सात बरोबर, पण शंभर फेऱ्या सातत्याने, हे जास्त अंगावर येतं. शंभर फेऱ्यांच्या सरासरीचं प्रमाण विचलन फक्त ०.२, म्हणजे सात हा आकडा दहा पावलं लांब.

असल्या चाचण्या कशाने फसतात तर गळतीने. पत्त्याची पाठ पातळ, परीक्षकाचा श्वास, पत्ते पिसण्यातली ढिलाई. तुमच्या कथेत परीक्षक स्वतःच विद्युत क्षेत्राने बोलतो, तेव्हा उत्तर त्याच्याकडूनच गळेल. दुसरी फेरी परीक्षकाला कोरड्या भिंतीपलीकडे ठेवून घ्या. गुण पाचावर येतील आणि 'मन वाचणं' म्हणजे काय हे वाचकाला एका प्रसंगात कळेल.

अर्धविराम

लिखाणाच्या बाजूने थोडं. मराठीत क्रियापद लिंग उघडं करतं, त्यामुळे लिंगभेद नसलेल्या परग्रहवासीयांसाठी पहिल्या पानावरच निर्णय घ्या. 'ते आलं, ते म्हणालं' असं नपुंसकलिंग सलग चालवता येतं, पण वस्तूंचं 'ते' आणि पात्राचं 'ते' यांची गल्लत होते. म्हणून पात्राला हाक मारण्याजोगं छोटं नाव द्या आणि सर्वनाम कमी वापरा. निवेदन मुलीच्या तोंडी असेल तर प्रश्न आणखी बिकट: अशा समाजात वाढलेली मुलगी स्वतःबद्दल 'गेले' म्हणेल की 'गेलं'? मी 'गेलं' ठेवेन, आणि भाऊ भेटल्यावर बदलायचं की नाही ते तिच्यावर सोडेन.

जाळीवरून येणारं अवतरणचिन्हांत घालू नका. ते संवाद नाहीत. पाठीवर कुठे, किती जोरात, गार की टोचरं, असं शरीरावर लिहा. पहिली पाच-सहा पानं अर्थ लगेच सांगू नका. तोच थरथराट दोनदा तशाच प्रसंगी आला की वाचक स्वतः जोडतो. उपमा तिच्या जगातल्याच हव्यात. तिने पक्षी पाहिला नसेल तर मन पाखरासारखं उडू शकत नाही. संपादनाच्या एका फेरीत फक्त उपमा तपासायच्या, बाकी काही नाही.

वर आलेले आकडे कथेत उतरवू नका. ४३ अंश तुम्हाला माहीत असले की पुरे. पानावर ती ओल्या गाळात डोकं खुपसून बसलेली दिसावी. सगळ्या धाग्यातला एकच आकडा छापायचा असेल तर वीस सेकंदांचा, कारण तो वाचकालाही मोजता येतो.

कृष्णविवर

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. आता ठरलं ते: दलदल, विद्युत क्षेत्राने बोलणारे रहिवासी, पाठीवर जाळी, पाच वर्षांनी मोठा भाऊ. वस्तू हलवणं हेच असत्य, आणि क्षमता पहिल्या वर्षात टिकून राहिलेली. पहिलं प्रकरण दातावरून. एकच अडलंय: डोक्यातली उष्णता हा लगाम ठेवला तरी एका प्रसंगात हवेतून ऊर्जा खेचल्याचं धुकं हवं आहे, दिसायला सुंदर दिसेल. दोन्ही ठेवता येईल?

जूल

दोन उगम ठेवलेत तर पहिला लगाम सुटतो. वाचक विचारेल, ती नेहमीच हवेतून का घेत नाही? ठेवायचंच असेल तर अट घाला: हवेतून घेतलेली ऊर्जाही डोक्यातूनच जाते, त्यामुळे वीस सेकंदांची मर्यादा तशीच राहते.

धुक्याचं गणित असं. २५ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं) १७ च्या जरा खाली. दहा अंश गार केल्यावर घनमीटरमागे साधारण एक ग्रॅम पाणी धुक्यात उतरेल, आणि ते उतरताना आणखी २.४ किलोज्यूल सोडेल, तेही तिलाच मिळतील. हवेत २० टक्केच आर्द्रता असेल तर दवबिंदू शून्याच्या आसपास, मग दहा अंशांनी काहीच दिसणार नाही. दलदलीत धुकं दर वेळी होईल. कोरड्या पठारावरचा प्रसंग असेल तर तिथे धुकं लिहू नका, फक्त गारठा.